काठोकाठ भरलेला कप

सू काका पाच आठवडे माझ्याकडे आले आणि पाचही आठवडे चहावरच बोलले. कोणत्या उतारावरची पानं बरी, चहा भाजायला कोळसा कसा लावावा, आजकालची पोरं चहात दूध कशाला घालतात. मी ऐकत होते. समुपदेशकाचं निम्मं काम गप्प बसण्याचं असतं, आणि मी मुळात बडबडी असल्यामुळे ते मला तीन वर्षं शिकावं लागलं.

त्यांना घेऊन आली होती त्यांची मुलगी, यू-श्या. पहिल्याच दिवशी तिनं मला दाराबाहेर सगळं सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात आई घरात कोसळली आणि त्यातच गेली. बाबा घरामागच्या भट्टीवर चहा भाजत होते, पंख्यांच्या आवाजात त्यांना तिचा फोन ऐकूच गेला नाही. तेव्हापासून भट्टी बंद होती. झोप नाही, दोन घासांवर पानावरून उठायचं, अकरा किलो वजन उतरलेलं.

"बाई, मी रोज सांगते त्यांना, बाबा, तुमची काही चूक नाही. ते नुसते भिंतीकडे बघतात," ती म्हणाली. हा माणूस असाच विझून जाईल अशी धास्ती मलाही वाटत होती.

आमच्या केंद्रात येणाऱ्यांना साधं पाणी द्यायचा नियम आहे. पण लूगू हे चहाचं गाव, इथला माणूस पाण्यावर बोलता होत नाही, म्हणून मी नियम गुंडाळून ठेवला. चहाचं सगळं नोंदणीच्या खिडकीवरच्या चुन मावशी बघायच्या. हळूच येऊन कप भरायच्या आणि निघून जायच्या.

सहाव्या आठवड्यात मावशी रजेवर होत्या, म्हणून मीच चहा ओतत होते. भाजणीबद्दल बोलता बोलता काका थांबले. "त्या दिवशी," एवढंच म्हणाले. मला मध्ये बोलायचं तर नव्हतं, पण काहीतरी माया दाखवावी म्हणून मी त्यांचा कप काठोकाठ भरला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेबलावर दोन बोटं टेकवून आभार मानले, माझा फार वेळ घेतला म्हणाले आणि उठून गेले.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. मी मावशींपाशी रडगाणं गायले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, कप किती भरला होतास?

"पूर्ण."

"अगं बाई! पाऊण भरायचा असतो. काठोकाठ भरला म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हटलं. आईनं काही शिकवलं की नाही तुला?"

माझी आई तैपेई शहरातली, तिनं मला कॉफी करायला शिकवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या वरिष्ठ म्हणाल्या, एक फोन कर आणि वाट बघ. तुझ्या चुकीचं ओझं त्यांच्या डोक्यावर टाकू नकोस. मला ते पटलं नाही; माफी मागायचीच असं ठरवून मी फोन लावला. फोन यू-श्यानं उचलला. बाबा यायला तयार नाहीत म्हणाली, पण फोन तिनं त्यांच्या कानाला लावला. मी सांगितलं की काका, तुम्ही उठावं असं माझ्या मनातही नव्हतं, पण मला रीत ठाऊक नव्हती. चूक झाली आणि ती माझीच आहे. पलीकडून फोन बंद झाला.

गुरुवारी काका आले. मावशींनी चहा ओतला. त्यांनी हात लावला नाही.

"यू-श्या म्हणते माझी चूक नाही. डॉक्टर तेच म्हणतात, देवळातला पुजारीसुद्धा तेच म्हणतो. स्वतःचं चुकलं असं सरळ कबूल करणारं माणूस तुम्हीच भेटलात. म्हणून तुम्हाला सांगतो." ते कपाकडे बघत म्हणाले, "फोन ऐकला होता मी. वाटलं, जेवायला बोलावतेय. म्हटलं, हा चहाचा घाणा उतरू दे आधी."

तुमची काही चूक नाही, हे वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. त्या दिवशी काकूंनी जेवायला काय केलं होतं, असं विचारलं.



"बांबूच्या कोंबांचं सूप," ते म्हणाले. "अजून फ्रीजरमध्ये आहे. यू-श्याला माहीत नाही."

मग ते रडले. मी समोर बसून राहिले.