पाच ते नऊ नंबरच्या खाटा

रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या बाई आठ दिवस खुर्चीला चिकटून होत्या. प्रत्येक खाटेशेजारचं यंत्र दर मिनिटाला नाडी नि श्वास टिपायचं आणि सगळ्या नोंदी संगणकातल्या एकाच तक्त्यात जायच्या. तीन वर्षांत तक्ता एवढा फुगला, की एका मजल्याच्या कालच्या नोंदी मागितल्या तर उत्तराला आठ मिनिटं लागत. थोरल्या सिस्टर विचारायच्या, "निघाली का तुमची गोगलगाय?"

प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता असतो. इथे त्यात आधी मजला, शेवटी खाटेचा नंबर. बाईंनी कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत, अशा पट्ट्यांप्रमाणे तक्त्याचे तुकडे पाडले. तिसरा मजला हवा, तर तेवढाच तुकडा उघडायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

शुक्रवारी तीन वाजता उत्तर दोन सेकंदांत आलं. साहेब खूश झाले. "सुटलात. जा घरी."

पाच वाजता बाईंच्या लेकीची पोहण्याची शर्यत होती. आधीच्या दोन चुकल्या होत्या.

पर्स खांद्याला अडकवल्यावर बाईंनी सवयीने नोंदी मोजल्या. मजल्यावर चाळीस खाटा, उत्तर पस्तीसांचं. पाच ते नऊ गायब.

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. पत्ते त्यांनी आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून साठवले होते. अक्षरं क्रमाने लावताना संगणक आधी पहिलंच चिन्ह बघतो. चाळीसची सुरुवात चाराने, म्हणून पाच ते नऊ त्याच्या पुढचे ठरले. 'एक ते चाळीस'च्या तुकड्यातून या पाच खाटा निसटून उरलेल्यांसाठीच्या 'इतर' तुकड्यात पडल्या होत्या.

"सोमवारी बघू," साहेब म्हणाले. "कोणाच्या लक्षात येतंय?"

"सात नंबरवर आज कोण आहे?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

पत्ते आकड्यांत बदलून तुकडे नव्याने पाडायला चार तास लागले असते. बाईंनी जुना तक्ता परत जोडला, चाळीसच्या चाळीस खाटा मोजल्या आणि सिस्टरांना फोन केला.

"परत गोगलगाय?"

"हो. पण ती कुणाला मागे सोडत नाही. सोमवारपर्यंत सांभाळून घ्या."

तलावावर पोचेपर्यंत पाचची शर्यत संपली होती. ओल्या केसांची लेक पायरीवर बसली होती.

"काम झालं?"

"नाही. चुकलं होतं, म्हणून जुनंच लावून आले."

लेकीने सरकून जागा केली. "अजून एक शर्यत आहे माझी. बसतेस?"

बाई बसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच पाय लांब केले.