दुभाष्या

इंद्रजीतने गॉजची घडी कोमट पाण्यात बुडवून पिळली आणि वडिलांच्या गळ्यावरच्या छिद्राभोवती वाळलेला कफ हलक्या हाताने पुसायला घेतला. सर्जेराव खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. छिद्रातून आत-बाहेर होणारा श्वास इंद्रजीतच्या बोटांना लागत होता. पहिल्यांदा हे काम अंगावर आले तेव्हा आपले हात थरथरतील असे त्याला वाटले होते. ते थरथरले नव्हते. आताही थरथरत नव्हते.

सर्जेरावांनी डोळे उघडले, तोंडाने हवा गिळली आणि पोटातून वर आणून सोडली. ढेकरेसारखा खोल, खरखरीत आवाज निघाला आणि मध्येच तुटला.

इंद्रजीतची आई, मुक्ताबाई, स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सर्जेरावांनी मान हलवली. मुक्ताबाईंनी उशी आणली. पुन्हा मान हलली, पुन्हा तोच आवाज.

"काय म्हणले रे हे?"

"पंखा," इंद्रजीत म्हणाला. "पंखा बंद कर म्हणतेत."

मुक्ताबाईंनी बटण दाबले. पंखा फिरत फिरत थांबला. सर्जेराव मुलाकडे बघत राहिले. संक्रांतीच्या सुमारास त्यांचे स्वरयंत्र काढून टाकल्यापासून घरात कुणालाच त्यांचा एक शब्दही कळला नव्हता. आता उन्हाळा लागला होता.

सर्जेराव मूळचे बिडकीनचे. शेत भावाच्या हाती देऊन ते शहरात आले आणि मोंढ्यात शेतमालाची हर्राशी पुकारू लागले. मक्याच्या, तुरीच्या ढिगाभोवती व्यापारी जमायचे आणि सर्जेराव एकेक रुपयाने भाव चढवत न्यायचे. त्यांची हाळी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत स्वच्छ ऐकू येते, असे लोक सांगत. पुकारणाऱ्याचा शब्द जड झाला की शेतकऱ्याचा भाव बुडतो, हे ते वारंवार म्हणत. तंबाखू मात्र सुटली नाही.

त्यांच्या मुलाला वेड लागले ते नेमके शब्द न कळणाऱ्या गाण्यांचे. उस्मानपुऱ्यात पॉलिटेक्निकला असताना विश्वजीत नावाच्या मित्राने इंद्रजीतला एक सीडी दिली होती. कुठल्याशा थंड देशातला बँड होता. पहिल्या ऐकण्यात त्याला काहीच उमगले नाही. गिटारींची एक भिंत, तिच्यामागे ड्रमचा मारा आणि त्यावर माणसाचा की जनावराचा ते न कळणारा आवाज. पण सीडी संपल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती त्याला सोसेना, म्हणून त्याने ती पुन्हा लावली.

मग तो सायबर कॅफेतून गाण्यांचे शब्द छापून आणू लागला. ओळीखाली बोट ठेवून ऐकायचा. अंधाराला डोळे सरावले की फडताळातली भांडी दिसू लागतात, तसे त्या गुरगुरीतून हळूहळू शब्द सुटे होऊ लागले. पुढे कागदाची गरज उरली नाही. वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली, केस खांद्यावर आले, काळ्या टीशर्टांनी कपाट भरले. बंगळूरला कार्यक्रम असला की तो जनरलच्या डब्यात उभा राहून जायचा आणि मान आखडून, घसा बसवून परत यायचा. त्या परतीच्या प्रवासात तो जितका सुखी असे, तितका एरवी कधी नसे. लग्न जमले नाही. पाहुण्यांनी ठपका केसांवर ठेवला, सर्जेरावांनी गाण्यांवर.

एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, सर्जेराव त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते. आत गाणे चालू होते.

"ह्यो कशापायी बोंबलतोय?"

इंद्रजीतने सांगितले, की ह्याचा भाऊ समुद्रात गेला तो परत आला नाही. हा काठावर उभा राहून त्याला हाका मारतोय.

"मंग नीट मार म्हणावं," सर्जेराव म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर बापलेकांत ह्या विषयावर बोलणे झाले नाही. इतर विषयांवरही फारसे झाले नाही.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी सांगितले होते, की काय बोलायचे ते आत्ताच बोलून घ्या. अजिंठ्याला दिलेली मुलगी, मेघा, दादा दादा म्हणत रडत होती. मुक्ताबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. स्ट्रेचर हलले तेव्हा सर्जेरावांनी इंद्रजीतला जवळ बोलावले. तो वाकला.

"गाडी सावलीत लाव," सर्जेराव म्हणाले.

त्याने गाडी सावलीत लावली. परत येऊन बाकावर बसला. आत आपल्या बापाचा आवाज कापून काढताहेत, असे त्याने स्वतःला मुद्दाम सांगून पाहिले. काही झाले नाही. संध्याकाळी मेघाने त्याला जेवायला लावले, तो जेवला. कारखान्याच्या बसमध्ये त्याने सवयीने कानाला हेडफोन लावले. वीस वर्षे ज्या गाण्यांनी अंगावर काटा आणला ती गाणी सुरू झाली आणि संपली. तापात जेवताना जीभ असते, तसे कान झाले होते. काही दिवस तो ऐकत राहिला, मग हेडफोन बॅगेतच राहू लागले.

दवाखान्यातल्या तनुजा मॅडम सर्जेरावांना नव्याने बोलायला शिकवत होत्या. हवा गिळायची, अन्ननलिकेत अडवायची आणि सोडताना तिचे शब्द करायचे. सर्जेरावांना त्याची लाज वाटे. पंगतीत कुणासमोर ढेकर न देणारा माणूस, आता चारचौघांत ढेकरा देऊन बोलायचे म्हणजे काय. ते पाटीवर लिहीत, नाहीतर गप्प बसत. पंख्याच्या त्या प्रसंगानंतर तनुजा मॅडमनी इंद्रजीतला विचारले, की तुम्हाला कसे कळले. त्याने जरा संकोचून गाण्यांचे सांगितले. त्या हसल्या नाहीत. मग रोज सराव तुम्हीच घ्या, म्हणाल्या.

म्हणून तो सकाळी वडिलांना गच्चीवर नेऊ लागला. कॉलेजात बँड काढायचा म्हणून तोही त्या गाण्यांतल्यासारख्या गुरगुरत्या आवाजात गायला शिकला होता. बँड निघाला नाही, पण आवाज अंगात राहिला होता. ह्या दोन्ही आवाजांच्या जागा वेगळ्या, हे त्याला ठाऊक होते. तरी पोट कसे धरायचे, घाई न करता दम कसा सोडायचा, एवढे दाखवता येण्यासारखे होते. पहिल्या दिवशी त्याने कठड्याला धरून एक लांब गर्जना केली. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घालणारी बाई परात उचलून खाली निघून गेली. सर्जेरावांचे खांदे हलायला लागले. त्यांना खोकला आला असे समजून इंद्रजीत धावला. ते हसत होते, आवाजाशिवाय.

तोही हसला. हसायला हवे, म्हणून.

पाऊस सुरू झाला तशी सर्जेरावांची दोन-दोन शब्दांची वाक्ये होऊ लागली. गच्चीऐवजी ते आता गॅलरीत बसत. एका सकाळी सराव संपल्यावर त्यांनी हवा गिळली.

"त्यो भाऊ," ते म्हणाले. पुन्हा हवा गिळली. "घावला का?"

कोणता भाऊ, हे इंद्रजीतला लगेच कळले नाही. मग ते समुद्राचे गाणे आठवले.

"नाय घावत. गाणं संपतं."

"तरी हाका मारतोय?"

"व्हय."

सर्जेरावांनी हात पुढे केला. इंद्रजीतने बॅगेतून हेडफोन काढले, त्यांच्या कानांवर बसवले आणि गाणे लावले. सर्जेराव डोळे मिटून बसले. गाणे लांबलचक होते. ते संपेपर्यंत त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"दम हाय गड्यात," ते म्हणाले.

त्या दिवशी बसमध्ये इंद्रजीतने तेच गाणे लावले. दम त्याला मोजता आला. बाकी काही आले नाही.

आता घरात त्याच्यावाचून कुणाचे चालेना. बिडकीनहून चुलत्यांचा फोन आला की सर्जेराव बोलत आणि इंद्रजीत ते फोनमध्ये सांगे. मोंढ्यातले जुने लोक भेटायला आले की तो खुर्ची ओढून मध्ये बसे. मुक्ताबाई भाकरी थापता थापता दर थोड्या वेळाने विचारत, "काय म्हणले रे हे?" आणि तो उठून वडिलांजवळ जाई, ऐकून येऊन सांगे. नळातून पाणी जावे, तशी बोलणी त्याच्यातून जात होती.

दसऱ्यानंतर सर्जेरावांना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावले. मेघा आली होती, ती वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहिली. डॉक्टरांनी काही लपवले नाही. आजार फुप्फुसात पोचला होता. सलाइनमधून औषध देता येईल, त्याने काही महिने वाढतील, पण त्रास बराच होईल. किंवा घरी ठेवून दुखणे कमी करत राहायचे. दोन्ही रस्ते बरोबरच आहेत, ते म्हणाले, आणि सर्जेरावांकडे वळले.

"सर्जेराव, तुम्हाला काय वाटतं?"

सर्जेरावांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. हवा गिळली, घाई केली नाही.

"सुई नको. घरी न्या." पुन्हा एकदा हवा गिळली. "हिला सांगू नको."

एकेक अक्षर सुटे होते. डॉक्टर इंद्रजीतकडे बघू लागले. मेघाही बघू लागली.

"काय म्हणले रे हे?" मुक्ताबाईंनी विचारले.

इंद्रजीतने आईकडे पाहिले. तिने पिशवी छातीशी धरली होती.

"घरी जाऊन इचार करू म्हणतेत," तो म्हणाला. "दोन दिवसांनी सांगतो म्हणतेत."

मुक्ताबाईंनी मान हलवली. सगळे बाहेर पडले तेव्हा इंद्रजीत एकटा आत परत गेला आणि वडील खरे काय म्हणाले ते डॉक्टरांना सांगून आला.

उस्मानपुऱ्यात घरी पोचल्यावर त्याने आईवडिलांना इमारतीच्या दाराशी उतरवले. मेघा कोपऱ्यावर औषधे घ्यायला उतरली. गाडी लावून तो जिने चढू लागला. वरच्या मजल्यावर घराचे दार अर्धे उघडे होते आणि आतून वडिलांचा आवाज येत होता. कुणाशी बोलताहेत ते त्याच्या ध्यानात येईना. घरात आई एकटीच होती.

"चहा. आलं टाक."

"आलं संपलंय," मुक्ताबाईंचा आवाज आला. "इलायची टाकते."

इंद्रजीत पायरीवर थांबला. आत भांडे गॅसवर ठेवल्याचा आवाज झाला.

"आन् सुई नको तर नको," मुक्ताबाई म्हणाल्या. "मी काय बळंच टोचा म्हणनार हाय व्हय? पर मला सांगू नको असं लेकराला कशापायी म्हणायचं. त्याच्या जिवाला किती घोर."

मग हवा गिळल्याचा तो ओळखीचा आवाज.

"तुला कळतं?"

"श्रावणापासनं कळतंय की."

"मंग त्याला... इचारत व्हतीस?"

कपबशी मांडल्याचे ऐकू आले.

"बसत व्हता ना तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या.

मग सर्जेराव काहीतरी म्हणाले, हळू, तुटत तुटत, आणि मुक्ताबाईंनी त्याला उत्तर दिले. इंद्रजीतला दोन्ही नीट ऐकू आले. तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि भिंतीला टेकून बसला. जिन्याच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने फरशी तापली होती. ती चांगलीच भाजत होती. तो उठला नाही. भाजतेय, एवढेच त्याच्या मनात येत राहिले, पुन्हा पुन्हा.

मेघा औषधांची पिशवी घेऊन वर आली. त्याला तिथे बसलेला बघून घाबरली.

"काय झालं? दादा बरे हायेत ना?"

"बरे हायेत. बस थोडा वेळ."

"आत कोन हाय?"

"आई आन् दादा. बोलतेत."

मेघाने दाराकडे पाहिले. आतून तो खरखरीत आवाज आला आणि थांबला, मग आईचा आवाज आला. मेघा त्याच्या शेजारी टेकली. तिने कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला आणि मान हलवली.

"काय म्हणतेत रे दादा?"

इंद्रजीतने गुडघ्यांना हातांचा विळखा घातला.

"ध्यान नव्हतं माझं," तो म्हणाला.