शून्य झिजलेली पट्टी

मी पट्टी बोलतेय. स्टीलची, एक फुटाची. लाकडी नव्हे, आणि प्लॅस्टिकची तर मुळीच नव्हे. त्यांना जरा दाबलं की मोडतात. माझं शिक्षण विचाराल तर एक ते तीस. पुढचे आकडे मला कुणी शिकवले नाहीत आणि त्यावाचून माझं अडलंही नाही. जेवढं आहे तेवढंच सांगायचं, कुणाला बरं वाटावं म्हणून एक रेघही इकडची तिकडे करायची नाही, एवढा एकच धडा मी घोटला. माणसांना तो भारी जड जातो.

कारखान्यात आम्हा बहिणींना एका पत्र्यातून कापलं, अंगावर आकडे कोरले आणि दुकानात खिळ्याला टांगलं. गिऱ्हाईक यायचं, आम्हाला काढून तळहातावर दोनदा आपटायचं आणि परत टांगायचं. पट्टी हातात आली की माणूस ती तळहातावर आपटतोच. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मावशीने मात्र आपटली नाही. एक डोळा मिटून तिने मला नाकासमोर धरलं, धार सरळ आहे का ते पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "ही द्या. बाकीच्या पोटात वाकल्यात."

मावशी छापखान्यात पेस्टिंग करायची. तेव्हा पुस्तकाचं पान कॉम्प्युटरवर लागत नसे. मजकूर गुळगुळीत कागदावर लांबच लांब यायचा. मावशी तो ब्लेडने कापायची आणि खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर, आखलेल्या पानावर गोंदाने चिकटवायची. ब्लेड माझ्या कडेने चालायचं. मी जरा हलले असते तर तिचं बोट गेलं असतं, पण मी कधी हलले नाही. पान झालं की ती चारी कोपऱ्यांत बारीक खुणा काढायची, कागद कुठे कापायचा ते कळायला. "खुणा नसलेलं पान म्हणजे उंबरा नसलेलं घर," असं म्हणायची. मधूनच माझ्याने पाठ खाजवायची. कुणी फार बडबड केली की मला टेबलावर आपटायची.

काचेवर टेकून टेकून माझं टोक झिजलं आणि शून्याची रेघ गेली. मालक म्हणाले, "नवी घ्या हो एखादी."

"टोक झिजलं म्हणून टाकायची? मग मला कधी टाकताय?"

त्या दिवसापासून मावशी एकावरून मोजायला लागली. मोजून झालं की ओठांतल्या ओठांत एक वजा करायची. मोजदाद कधी चुकली नाही.

मग कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडकीला पडदा, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि संध्याकाळी त्याच्यावर पांघरूण. मावशी फणकारली, "या डब्याचे लाड बघा. मला इतक्या वर्षांत साधी उशी मिळाली नाही स्टुलावर." काचेचं टेबल व्हरांड्यात गेलं, त्यावर रद्दी चढली. डब्यासमोर बसायला आली मावशीचीच भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. मावशीनेच मालकांकडे शब्द टाकला होता. पहिल्या दिवशीच तिने पोरीला बजावलं, "काम बिघडलं तर तुझ्याआधी माझं नाक कापलं जाईल. ध्यानात ठेव."

मावशी स्टूल घेऊन तिच्या बाजूला बसायची, पानं तपासायला. मी तिच्या मांडीवर.

त्या डब्याची दुखणी काय वर्णावी! मजकूर चौकटीत मावला नाही की खालचा भाग गडपच व्हायचा. कोपऱ्यात एवढंसं लाल चिन्ह तेवढं उरायचं. मावशी घाबरायची, "गेला गं, खाल्ला त्याने!" भाची चौकट खाली ओढायची, की मजकूर जागच्या जागी. दुसऱ्याकडून आलेली फाइल उघडावी तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. "त्यांचा फॉन्ट आपल्याकडे नाही," भाची सांगायची आणि फॉन्ट मागवायची. पडद्यावर छान दिसणारा फोटो कागदावर भुरकट यायचा. मूळचा फोटोच इवलासा, ताणून मोठा केलेला. पानाच्या कडेला पांढरी चीर राहिली तेव्हा मात्र मावशी जिंकली. "रंग कापायच्या खुणेच्या बाहेरपर्यंत ओढ की! कात्री काय केसाइतकी नेमकी चालणारेय?" भाची हसली आणि तिने ओढला. पुढे तिला ते कधी सांगावं लागलं नाही. भांडत भांडत दोघींचं बरं चाललं होतं.

अशात शिवणबाई आली. घरी शिवणाचे वर्ग चालवून तिचे केस पिकलेले. बाळांच्या कपड्यांचे सगळे नमुने तिने जुन्या वर्तमानपत्रांच्या कागदावर मापात कापून ठेवलेले, आणि ते कागद आता घडीवर फाटायला लागलेले. नजरही मंदावलेली. तिला एक पुस्तक हवं होतं: पान कापडावर ठेवावं, कडेने खडू फिरवावा आणि कापावं. "मोजमाप न येणारीलासुद्धा जमलं पाहिजे," ती म्हणाली. "माझे डोळे आहेत तोवर हे करून द्या. नंतर ही मापं पारखणार कोण?"

मालकांनी ते काम एकट्या भाचीवर सोपवलं. तिचं पहिलंच.

तिने एकेक कागद स्कॅन केला, वरून रेघा मारल्या, पानं लावली आणि प्रिंट काढून शिवणबाईला दिली. चारच दिवसांत शिवणबाई हजर. कडेवर तान्ही नात, हातात नवंकोरं झबलं. मालकांसमोरच तिने झबलं नातीच्या डोक्यातून घातलं. ते कपाळावरच अडकलं. आत पोर भोकाड पसरून रडतेय, आणि शिवणबाई म्हणते, "बघा आता. माझ्या नातीचं डोकं मोठं झालं, का तुमचं पुस्तक लहान झालं?"

मालकांचा चेहरा उतरला. "आज संध्याकाळपर्यंत बघतो. नाहीतर काम दुसरीकडे देतो. आणि मग..." त्यांनी भाचीकडे पाहिलं, वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

मावशी तडकली ती पोरीवरच. "डोळे फुटले होते का तुझे? काढ ते पान!" पान पडद्यावर आलं. मावशीने मला उचललं आणि थेट पडद्याच्या काचेवर लावलं. "हे बघ! पंचवीस पाहिजे, आणि सतरासुद्धा भरत नाही! अर्धं झबलं गिळलंस की गं!"

"मावशी, काचेवर नको मोजूस. झूम आहे तो." भाचीने बटण दाबलं. झबलं माझ्याखाली फुगत फुगत पडद्याबाहेर गेलं. शिवणबाई एवढ्या दुःखातही फिसकन हसली. मावशी मला टेबलावर टाकून व्हरांड्यात निघून गेली.

मग भाचीने मला उचललं, पहिल्यांदाच. वर्तमानपत्राचा मूळ कागद काढला, शेजारी प्रिंट ठेवली आणि मोजायला लागली. एकावरून. कुणी शिकवलं नव्हतं, रोज बघत होती. मूळ उंची पंचवीस, प्रिंटवर चोवीस. घेर, गळा, बाही, सगळंच त्याच प्रमाणात आखडलेलं.

"एखादीच रेघ चुकली असती तर चूक माझ्या हाताची," ती पुटपुटली. "सगळं सारखं आखडलंय, म्हणजे पान बरोबर आहे. छापताना आकसलंय."

तिने प्रिंटची खिडकी उघडली. 'फिट टू पेज'वर बरोबरची खूण होती. कोपऱ्यातल्या खुणांसकट पान त्या कागदावर मावत नव्हतं, म्हणून प्रिंटरने सगळं दाबून लहान करून बसवलं होतं. ती खूण का केली तेही तिला आठवलं असणार, कारण मलाही आठवत होतं. प्रिंट काढताना मावशीच मागे लागली होती, "कोपऱ्याच्या खुणा दिसत नाहीत, कशाही करून बसव."

मालकांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

"माझ्याकडून राहिलं," भाची म्हणाली.

"खोटं बोलू नकोस!" दारातून आवाज आला. मावशी चपला न काढताच आत आली होती. "खुणा मी मागितल्या. पोरीने माझं ऐकलं. काढायचं असेल तर मला काढा, तिच्या पानाला हात लावायचा नाही."

कुणी कुणाला काढलं नाही. भाचीने 'फिट टू पेज'वरची खूण काढली, शंभर टक्क्यांवर आकडा ठेवला, मोठा कागद घातला. प्रिंट बाहेर आली. मावशीने मोजली, ओठ हलले, मान हलली. मग म्हणाली, "उद्या दुसरा कुणी छापेल आणि परत हीच बोंब. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक रेघ घाल, दहा सेंटिमीटरची. आणि लिही, आधी ही रेघ मोजा. घरात कॉम्प्युटर नसेल, पट्टी असतेच."

भाचीने रेघ घातली. पुस्तक निघालं, शिवणबाईच्या नातीचं डोकं नव्या झबल्यातून सुळकन बाहेर आलं, आणि शिवणबाईने तिथेच तिचे पापे घेतले. मला मात्र त्या रेघेचं कौतुक. पानापानावर माझाच एक तुकडा छापलाय म्हणा ना.

आता मावशी नाही. आजारपणात तिने मला मागून घेतलं होतं, पाठ खाजवायला. नंतर भाचीने मला परत आणलं. भाचीचेही केस पांढरे झालेत, छापखाना तीच बघते. कॉम्प्युटर सडपातळ झालाय, चपला घालून आत जाता येतं. मी ड्रॉवरमध्ये असते, पिनांच्या डबीशेजारी. प्रिंटरचा ट्रे अडकला की मला फटीत खुपसतात. या वयात हे काम!

तुम्ही पानं लावता ना? मग माझं एवढं ऐका. पडदा फार गोड बोलतो. हजारो प्रती काढण्याआधी एक प्रिंट काढा आणि पट्टी लावा. मग खुशाल छापा.

गेल्या आठवड्यात शिवणबाईचं पुस्तक पुन्हा छपाईला आलं. ते घेऊन तिची नात आली होती, आता तीच शिवण शिकवते. भाचीने प्रिंट काढली आणि नवी पट्टी उचलली. चकचकीत, शून्य ठसठशीत. रेघेवर ठेवली ती एकावर. बोट अकरापर्यंत गेलं, ओठ हलले.

नात म्हणाली, "ताई, शून्य आहे की हिला."

"असू दे," भाची म्हणाली.

ड्रॉवर उघडाच होता, मी सगळं पाहिलं. आता मला खुशाल भंगारात घाला.