अकरा घरांचा आलेख

कुळगावच्या व्याख्यानमालेत कुंदाताईंचा सत्कार होता. कर्तबगारी एवढीच, की पोरगा गंधार फौजेत. परक्या देशात दोन धर्मांची कापाकापी चालली होती आणि तो तिथे शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून उभा होता. पत्रिकेवर ‘वीरमाता’ छापलेलं. हा शब्द बहुतेक पोरगा गेल्यावर वापरतात, पण मंडळाला तेवढा दम नव्हता.

गंधारची ड्युटी आठवड्यात संपणार होती. पुढे बारा दिवसांनी त्याच्या बहिणीचं, अनुयाचं लग्न.

वक्ते पुष्कर सर. बंदूक त्यांनी फक्त खंडेनवमीच्या पूजेत पाहिलेली. पडद्यावर आलेख दाखवून ते गरजले, “सैन्य दुप्पट, खून निम्मे! विषय संपला!”

टाळ्या. शाल, नारळ. मग ताईंना ‘दोन शब्द’ बोलायला लावलं. म्हणजे आभार मानून गप बसायचं.

“सर, माणसं किती उरली, ती रेघ कुठाय?”

“ताई, तो वेगळा विषय.”

“वेगळा कसा? पोरगा सांगतो, नदीपलीकडची वस्ती फौज वाढायच्या आधीच रिकामी झाली. काही मेले, बाकीचे पळाले. कोंबड्या संपल्यावर कोल्हा माळकरी झाला म्हणायचं का?”

मागच्या रांगा खिदळल्या. पुढच्या रांगेतून ताईंचे यजमान दिनानाथराव त्यांना खुणावत होते, बस खाली.

“म्हणजे सैन्याचा उपयोगच नाही म्हणता?” सर चिडले.

“नाही ना? मग धाडा माझ्या पोराला घरी!”

घरी येऊन चपला काढतात तोच गंधारचा फोन.

“आई, मुदत वाढली. सहा महिने.”

“का रे, खून वाढले?”

“नाही, घटले. म्हणूनच.”

“वाढले तरी थांबा, घटले तरी थांबा. झकास धंदा आहे!”

गंधार हसला नाही. “आमच्या चौकीमागे त्या पळालेल्यांच्या धर्माची अकरा घरं उरलीत. आम्ही उभे आहोत म्हणून. त्यातली एक म्हातारी रोज विचारते, उद्या आहेस ना?”

सरांचा आलेख अर्धा होता, हे त्यांनी चारशे लोकांत सुनावलं होतं. आपलं उत्तरही अर्धंच होतं, हे आता कोणाला सांगणार?

“मग? काय म्हणालास तिला?”

“आहे म्हणालो.”

“मग राहा. अनुयाला मी सांगते. नवऱ्या मुलाचा कान पिळायला तुझ्या चुलत्याच्या रघूला उभा करू.” त्या थांबल्या. “आणि हे बघ, त्या मास्तरच्या आलेखात तू भर घालू नकोस.”