मामा, तुमचं इथे काय काम?

"ग्रुप मुलींचा आहे, मामा. मग तुमचं इथे काय काम?"

मित्रांनो, हे वाक्य जेनिफरनं माझ्यावर टाइप केलं तेव्हा तिचा अंगठा घामेजला होता. तिच्या खो-खोच्या संघातल्या पूजा आणि रेश्मा तिच्या खांद्यांवरून डोकावत होत्या. "एवढी कॅप्टन ना तू? मग विचारून दाखव," असं त्यांनीच तिला डिवचलं होतं.

मी तिचा मोबाईल. आता जुना झालोय, पण दुकानातून निघालो तेव्हा माझ्या काचेत बघून लोक भांग पाडायचे. आधी मी तिच्या पप्पांचा होतो. शांतवन सर तिसगावात शिक्षक आहेत. शाळेचे निरोप आणि चर्चच्या मंडळीची गाणी मी पुष्कळ वाहिली. मग एकदा त्यांच्या खिशातून रस्त्यावर पडलो, काच तडकली आणि घरात नवा फोन आला. मी कपाटावर धूळ खात बसलो. जेनिफरनं मला उचललं, काचेला चिकटपट्टी लावली, निजायला कापडी पिशवी शिवली. तो उपकार मी विसरलेलो नाही.

तिनं माझ्यावर खो-खोच्या मुलींचा ग्रुप काढला. सराव कधी, जीपमध्ये जागा कुणाला, गुडघा कुणाचा फुटला, सगळं तिथे. शेवगावची स्पर्धा जिंकल्यावर पप्पांनी हौसेनं ग्रुपची लिंक मंडळीच्या ग्रुपवर टाकली, मुलींना आशीर्वाद द्या म्हणून. आशीर्वाद द्यायला आलेले सॅममामा मुक्कामालाच राहिले. चांगुणानं सूर मारून गडी बाद केल्याच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, "पळता येतं, पण भाकरी थापता येते का?" शेवटी हात जोडल्याचं चित्र.

ते चांगुणाच्या भावानं, आदिनाथनं वाचलं. "ज्या ग्रुपवर बाप्ये हसत्यात, तिथं माझी बहीण न्हाई," म्हणाला आणि तिचा खेळच बंद केला. जामखेडची स्पर्धा तोंडावर, आणि संघाची सगळ्यात चपळ पोरगी घरात.

जेनिफरनं आधी मामांचा मेसेज पुसला. मग त्यांना एकट्यांना गाठून अदबीनं सांगून पाहिलं. मग तो प्रश्न, सगळ्यांदेखत. मामांचं उत्तर आलं, "मामाला बाहेर काढतीस व्हय, कार्टे?" आणि लगेच नवा विनोद.

तिनं खरंच काढलं.

संध्याकाळी 'शुभचिंतक' नावाचं कुणीतरी आत आलं. नंबर अनोळखी. पण भाकरीचीच गोष्ट आणि तेच जोडलेले हात. पोरी हसून हसून लोळल्या. मग जेनिफरच्या लक्षात आलं: दार लावलं, पण किल्ली अजून मंडळीत फिरतेय. तिनं शुभचिंतकांनाही काढलं, जुनी लिंक रद्द केली आणि परवानगीशिवाय कुणी आत येणार नाही अशी सोय केली. माझी बॅटरी तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती, पण मी टिकलो. तिच्या उपयोगी पडता आलं, एवढ्यानंच जन्माचं सार्थक वाटलं.

मित्रांनो, जुन्या मोबाईलला जपा. आणि आपल्या माणसांचा ग्रुप असेल, तर त्याच्या दारालाही जपा. दार लावणारा माणूस भांडखोरच असतो, असं नाही.

तेवढ्यात मामांनी आईला, मरियाबाईंना, फोन लावून गाऱ्हाणं केलं. आई हिरमुसली. "भाऊ हाय माझा. नाताळाला कोणत्या तोंडानं बोलवू? घे त्याला परत."

पप्पा खाली मान घालून म्हणाले, लिंक मीच टाकली होती.

जेनिफरनं मला चार्जरवरून काढलं, पिशवीत घातलं आणि चपला पायात सरकवल्या.

"आई, नाताळाला मामा येऊ देत. पहिली करंजी मीच वाढीन त्यांना. पण ग्रुपवर घेणार नाही. आणि पप्पा, तुम्ही गाडी काढा. मी आत्ता चांगुणाच्या घरी जाणारे, तिच्या दादाला हा ग्रुप दाखवायला."