लाल बटण

ओवुरा बादली घेऊन न्हाणीत शिरले, आतून कडी लागली, आणि मी हातातल्या कंगव्यासकट उठले.

"अगं अम्पोमा, निघालीस कुठे? माझं अर्धं डोकं तसंच आहे!" स्टुलावरचं गिऱ्हाईक ओरडलं.

"अर्धं डोकं कुठे पळून जात नाही. बस गप्प."

व्हरांड्याच्या एका टोकाला माझं स्टूल. बायकांच्या वेण्या घालायचा माझा धंदा. दुसऱ्या टोकाला नवऱ्याचं, म्हणजे ओवुरांचं टेबल, त्यावर नवीन कॉम्प्युटर तयार होता. मी त्याला पेटीच म्हणते. पेटी मी वळवली. मागे वायर खुपसतात त्याच्या शेजारी खोबणीत नखाएवढं लाल बटण असतं, त्यावर आकडा. आमच्या कुमासी शहरात घराघरात दोनशे तीसचा करंट. पण ओवुरांच्या पेट्यांतला वीज घेणारा डबा अमेरिकेतून वापरून टाकलेला, जहाजाने आलेला, आणि तिकडे चालतो एकशे पंधराचा. बटण एकशे पंधरावर राहिलं आणि पेटी चालू केली, की संपलं सगळं. हे मला दुसऱ्या कुणी नाही, ओवुरांनीच शिकवलेलं. अठरा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत आलेत, आधी लाल बटण, मग बाकीचं.

बटणावर एकशे पंधरा होतं.

कंगव्याची लोखंडी शेपटी खोबणीत घालून मी ते सरकवलं. टक् झालं. पेटी होती तशी ठेवली आणि येऊन उरलेलं डोकं विंचरायला घेतलं. अर्ध्या तासाने ओवुरा पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. पेटी द्यायच्या दिवशी त्यांचा असाच थाट.

"नवरदेव निघाले," मी म्हटलं.

ते हसले. पण माझ्याकडे बघून नाही, माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून.

माणूस आयुष्यभर पाणीखात्यात मीटरचे आकडे उतरवणारा कारकून. हाताखाली कुणी नाही, नावाची पाटी नाही. पण शनिवारी स्क्रूड्रायव्हर हातात आला की गल्ली त्यांना इंजिनियर म्हणायची. सुटे भाग निवडून आणायचे, घासूनपुसून एकेक पेटी जुळवायची आणि ज्याला परवडेल त्याला द्यायची. "फायदा काय यात?" असं मी विचारलं की ते पंख्याची धूळ पुसत बसायचे. माझ्या गिऱ्हाइकांचे खोटे केस उडून त्या पंख्यात अडकायचे, त्यावरून मात्र रोज भांडण. एवढं एक सोडलं तर या माणसाने मला कधी त्रास दिला नाही.

त्याआधी एकदा डोळ्याच्या औषधाची बाटली मला स्क्रूच्या डब्यात सापडली होती. तिच्याखाली मोठ्या इस्पितळाचा कागद होता. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं, आणि ते त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. मी बाटली जागेवर ठेवली. त्या दिवसापासून वाटेत स्टूल ठेवलं नाही, आणि ते न्हाणीत गेले की मी लाल बटण बघू लागले. चौदा महिन्यांत चार वेळा ते चुकीच्या बाजूला सापडलं. अंघोळीला अर्धा तास लावणाऱ्या नवऱ्याचे मी मनातल्या मनात आभार मानत होते.

मग एका शनिवारी मी माम्पोंग गावी मयताला गेले होते. सख्ख्या आतेबहिणीची सासू, टाळणं शक्य नव्हतं. टेबलावरची पेटी आमच्या ओळखीच्या पिनामांगची होती आणि ती न्यायला ती बाई सोमवारी येणार होती. सोमवारला वेळ आहे म्हणून मी निर्धास्त गेले.

संध्याकाळी ट्रोट्रोच्या गाडीतून उतरले तेव्हा अंगावर मयताचं काळं-लाल लुगडं तसंच होतं. फाटकातच जळका वास आला. व्हरांड्यात पिनामांग बसलेली. थांब्यावर टाइपिंगचं दुकान चालवते, मयताची पत्रकंही छापते. तिचं तोंड कधी मिटलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आताही ते चालूच होतं.

"अम्पोमा, बाई गं, काय आवाज झाला! बंदूकच! एका घरचं काम उद्याच हवं होतं म्हणून मी आज आले. इंजिनियर म्हणाले, थांब, अंघोळ करून येतो. अर्धा तास मी इथे माश्या मारत बसले. मग आले, म्हणाले, दाब बटण. दाबलं तर ही ज्वाळा! माझी एक भुवई गेली असती ना, ती जन्मभर रंगवत बसले असते."

ओवुरा टेबलापाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, मानेवर पावडर.

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले.

"होतं असं कधीकधी," पिनामांग म्हणाली. "सामानच जुनं. तुमचा काय दोष, इंजिनियर?"

मी पेटीच्या मागे गेले नाही. बटणावर कोणता आकडा असेल ते मला माहीत होतं. मी पाहिलं होतं, हे ते तिला सांगत होते की स्वतःला, ते मात्र कळेना. मला स्वतःचाच राग आला. कुणाच्या तरी सासूसाठी मी दिवसभर छाती बडवत होते, आणि माझ्या घरात हे घडत होतं.

पिनामांगचं काम अडू नये म्हणून त्यांनी स्वतःची पेटी तिच्या हातगाडीवर चढवून दिली. "तुझी नवी करून देतो, मग ही परत आण," एवढंच म्हणाले.

नवी पेटी जुळवायला त्यांना सहा आठवडे लागले. पूर्वी दोन शनिवार पुरायचे. स्क्रू जमिनीवर पडला की ते गुडघ्यावर बसून हाताने फरशी चाचपायचे, आणि मी वेणीत मान घालून काही न पाहिल्यासारखं करायचे. न बघणंसुद्धा अंगमेहनतीचं काम आहे.

शेवटचं झाकण लागलं त्या दुपारी आम्ही मक्याची केंकी आणि मासे खात होतो. त्यांनी काटा काढता काढता विचारलं, "त्या आधी किती होत्या?"

"काय किती?"

"चुकलेल्या."

"एकही नाही," मी म्हणाले. "तीच एक. कुणाचंही चुकतं एखाद्या वेळी."

"चार," ते म्हणाले.

मी हातातला केंकीचा तुकडा ताटात ठेवला.

"न्हाणीला पत्रा आहे, अम्पोमा. पाणी ओतायचं थांबवलं की बाहेरचं सगळं ऐकू येतं. तू स्टुलावरून उठतेस ते कळतं. टक् वाजलं तर कळतं, नाही वाजलं तर तू परत येऊन बसतेस तेही कळतं. मला अंघोळीला पाच मिनिटं पुरतात. अर्धा तास मी काय आत शेती करत होतो?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. चौदा महिने मी या माणसाला फसवत होते असं समजत होते.

"तुम्ही बोटाने चाचपून का नाही बघितलं?"

"बोटाला आकडा वाचता येत नाही. एका डब्यात दोनशे तीस डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे."

"मग पिनामांगला म्हणायचं! बाई, जरा मागचा आकडा वाच. एवढंसं वाक्य!"

"त्या दिवशीही आत बसून कान लावला होता," ते म्हणाले. "तू घरात नाहीस हे ठाऊक असून. मग तेच वाक्य जुळवत बसलो. बाहेर आलो तर ती म्हणाली, या इंजिनियर, तुमच्या हातची पेटी म्हणजे बघायलाच नको." त्यांनी पाण्यात बोटं बुडवली. "मग ते वाक्य नाही म्हणता आलं."

त्यांचा एवढा राग मला लग्नानंतर पहिल्यांदाच आला. आणि तिथे ते किती एकटे पडले होते, हेही त्याच क्षणी दिसलं.

पुढच्या शनिवारी पिनामांग हातगाडी घेऊन आली. ओवुरांची पेटी तिने पुसून, फडक्यात गुंडाळून आणली होती. मी वाट पाहत होते ते बादली कधी उचलतात याची. त्यांनी उचलली नाही. घरातल्या बनियनवरच ते टेबलापाशी आले, नवी पेटी दोन्ही हातांनी वळवली आणि तिची पाठ माझ्याकडे केली.

"अम्पोमा, लाल बटण वाच."

माझ्या हातात कुणाची तरी वेणी होती. ती सोडून मी उठले.

"मोठ्याने," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

पिनामांगचं तोंड मिटलं. गल्लीत कुणीतरी फुफूसाठी कंद कांडत होतं, तेवढाच आवाज. मी वाकून पाहिलं. देवाशपथ, बटण बरोबर बाजूला होतं.

"दोनशे तीस," मी वाचलं.

"दाब, पिनामांग."

तिने हात लांब धरून, डोळे मिटून बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. ओवुरा कान लावून पंखा ऐकत राहिले. मग मान हलवली आणि पेटीच्या झाकणावरून एकदा हात फिरवला.

पेटी गाडीवर चढली. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या त्यांनी स्वतः बांधलेल्या, रोज दहादा उतरत होते ते. पिनामांग धावत मागे आली आणि त्यांचा कोपर धरून त्यांना हळूहळू खाली उतरवलं. त्यांनी कोपर सोडवून घेतला नाही.

"सांभाळून हं, पापा," ती म्हणाली. "येते मी, पापा."

म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशी बोलली, वाईट काही नव्हतं त्यात. गाडी वळणाआड गेली. आठवडाभरात गल्लीला कळणार होतं, आणि त्यानंतर पेटी मागायला कोण येणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"मी अंघोळ करून घेतो," ओवुरा म्हणाले.

भिंत धरत ते न्हाणीत गेले. कडी लागली. मी रिकाम्या टेबलाकडे बघत स्टुलावर बसून राहिले. आतून पाण्याचा आवाज आला, मध्ये कुठेही न थांबता.

पाच मिनिटांत ते बाहेर आले.