धाकटीचा कागद

धाकटीचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला तेव्हा थोरली पलीकडच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालत होती. किंकाळी ऐकून ती धावली, पण तिनं बटण दाबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दोघी जावा. एका घरात नांदणाऱ्या आणि एकाच धुलाईघरात कामाला. तीन इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले तिथं यायचे आणि धुऊन, वाळून, इस्त्री होऊन परत जायचे. इस्त्रीचा रोलर वाफेवर तापलेला असतो. त्याच्या तोंडाशी एक जाळी असते, तिला बोट लागलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. पण चादरीची चुणी लागली तरी ते थांबायचं आणि कामाचा खोळंबा व्हायचा. म्हणून मॅनेजरनं जाळी काढायला लावली होती. तीन आठवडे ती भिंतीला टेकून उभी होती. थोरली दोनदा ऑफिसात जाऊन सांगून आली. दुसऱ्यांदा मॅनेजर वर न बघता म्हणाला, "मावशी, तुम्ही घड्या घाला."

अपघाताच्या पाचव्या दिवशी दुपारी थोरली डबा घेऊन इस्पितळात गेली, तर धाकटीच्या उशीखालून एक कागद डोकावत होता.

"काय गं हे?"

"मास्तर देऊन गेले सकाळी. रजेचा कागद आहे म्हणाले. उद्या सही करून द्यायची, मग उपचाराचं कंपनी बघेल."

"आणि तू वाचलास?"

"मला कुठं येतंय इंग्रजी, ताई? त्यांनी वाचून दाखवला की. मास्तर कशाला खोटं बोलतील?"

खरंच होतं. मास्तर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. ते धुलाईघरातले कारकून. गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या लिहायचे, साहेबांची पत्रं टाइप करायचे आणि दिसेल त्याचं स्पेलिंग सुधारायचे, म्हणून त्यांना मास्तर नाव पडलं होतं. थोरली नववीपर्यंत शिकलेली. अक्षरं यायची, शब्द लागायचे नाहीत. गेली दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत मास्तर तिला इंग्रजी शब्द सोलायला शिकवत होते. "शब्दाला घाबरायचं नाही," ते म्हणायचे. "आपल्याकडे नाही का, एका 'हार'चे आहार, विहार, प्रहार, संहार होतात? तसंच तिकडे. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. पोर्टर वाहतो, ट्रान्सपोर्ट इकडून तिकडे नेतो. डोकं वेगळं काढ, शेपूट वेगळं काढ, मधला गाभा हातात येतो. आणि सोलूनही नाही कळला, तर त्याच्या शेजाऱ्यांना विचार. माणूस कसा आहे ते शेजाऱ्यांवरून कळतं, शब्दाचंही तसंच."

थोरलीनं कागद घेतला आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर, खिडकीच्या उजेडात जाऊन बसली. एक पानच होतं. तिला दीड तास लागला.

'लीव्ह' म्हणजे रजा, हे तिला ठाऊक होतं. तो शब्द अख्ख्या कागदात कुठंही नव्हता. तिनं पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या ओळीत 'नेग्लिजन्स'. 'नेग' म्हणजे नाही. निगेटिव्ह तर इस्पितळात रोज कानावर पडतं. पण उरलेलं 'लिजन्स' कुठं तरी पाहिलं होतं. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं तिला एक सर्टिफिकेट दिलं होतं, 'डिलिजन्स'बद्दल. मन लावून काम करते म्हणून. मास्तरांनीच तेव्हा उलगडून सांगितलं होतं. म्हणजे हे त्याच्या उलटं. मन न लावता केलेलं काम. हलगर्जी. कोणाची? तिनं शेजारी पाहिलं. 'माय ओन.' माझी स्वतःची.

धाकटी म्हणत होती की हात भाजला तो तिच्याच हलगर्जीनं. म्हणजे कागद तिच्या तोंडून तसं म्हणत होता. जाळीचं अवाक्षर नव्हतं.

थोरलीचे कान तापले. ती पुढे वाचत गेली. 'व्हॉलंटरिली' सोपा निघाला, रक्तदानाला येतात ती पोरं व्हॉलंटिअर, म्हणजे आपखुशीनं. शेजारी 'रिझाइन' बसला होता. धाकटी आपखुशीनं नोकरी सोडत होती!

मग 'इन्डेम्निफाय'. हा सुटेना. तिनं डोकं काढलं, शेपूट काढलं, मध्ये 'डेम्न' उरलं. फाटक्या चादरीवर शिक्का मारतात, 'कन्डेम्ड'. आपण म्हणतो कंडम. त्यातही हेच. कंडम, डॅमेज, नुकसान. डोक्याचं 'इन', म्हणजे नाही. नुकसान होऊ देणार नाही. कोणाचं? शेजारी 'द कंपनी'. हात गेला धाकटीचा आणि नुकसान होऊ द्यायचं नव्हतं कंपनीचं.

त्याच्या खालच्या ओळीत एक चिमुकला शब्द होता, 'वेव्ह'. हात हलवण्याचा वेव्ह तिला येत होता, पण यात एक आय जास्त होता. सोलायला तर त्यात काहीच नव्हतं. शेजारी 'ऑल क्लेम्स, प्रेझेंट अँड फ्यूचर'. आजचे आणि उद्याचे सगळे दावे. म्हणजे हाच तो, ती मनात म्हणाली. सगळ्या हक्कांवर पाणी सोडायचं, हात हलवून त्यांना टाटा करायचा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मॅनेजरपेक्षा तिला जास्त राग आला तो मास्तरांचा. मॅनेजर तसलाच होता, त्याच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती. ज्या माणसानं तिच्या हातात कुलपाची किल्ली दिली, त्यानंच धाकटीला घरात कोंडायचं? तिनं कागद ब्लाउजमध्ये खोचला, धाकटीला एवढंच म्हणाली, "सही करायची नाही. देवानं येऊन सांगितलं तरी नाही," आणि घरी गेली. त्या रात्री तिच्या हातून दोन भांडी आपटली. नवऱ्यानं काय झालं विचारलं, तर ती तिसरं भांडं उचलून घासायला लागली.

सकाळी भोंगा व्हायच्या आधीच ती मास्तरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"कागद कोणी टाइप केला?"

मास्तर चष्मा पुसत राहिले.

"मास्तर, मी विचारतेय."

"साहेबांनी सांगितलं. मी काय करणार? माझं निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, बाई."

"साहेबांनी लिहायला सांगितलं, तुम्ही लिहिलंत. पोटासाठी माणूस लिहितो. पण तिच्या उशाशी बसून रजेचा कागद आहे म्हणून कोणी सांगितलं? तेही साहेबांनीच?"

"तिला खरं सांगितलं असतं तर तिनं सही केली असती का?"

"तेच तर म्हणतेय मी!" थोरलीचा आवाज इतका चढला की बाहेर हातगाड्या थांबल्या. "केसानं गळा कापलात तुम्ही तिचा. तिला इंग्रजी येत नाही, हे कळून कापलात."

आवाज ऐकून मॅनेजर स्वतःच आला. पाठोपाठ दारात इस्त्रीवरच्या आठ-दहा बायका जमल्या. मॅनेजरनं थोरलीच्या हातातला कागद पाहिला आणि हसून म्हणाला, "काय मावशी, आता तुम्ही वकील झालात? इंग्रजी येतं का तुम्हाला?"

"बोलायला येत नाही. कळायला लागलंय."

आणि तिनं सगळ्यांसमोर एकेक शब्द घेतला. हलगर्जी धाकटीची, असं लिहिलंय. नोकरी तिनं आपखुशीनं सोडली, असं लिहिलंय. कंपनीला धक्का लागू देणार नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलंय. दारातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मॅनेजरचं हसू जरा आटलं.

"आणि हे शेवटी," थोरली म्हणाली, "कंपनीच्या इनव्हॅल्युएबल मदतीबद्दल आभार. इन म्हणजे नाही, व्हॅल्यू म्हणजे किंमत. कवडीमोल मदतीबद्दल आभार! निदान एवढं तरी खरं लिहिलंत."

मॅनेजर खदखदून हसला. त्याला हवं ते सापडलं होतं. "बघा! बघा हिचं इंग्रजी! अगं बाई, इनव्हॅल्युएबल म्हणजे फार मोलाचं. उलटा अर्थ लावलास, आणि बाकीचंही असंच लावलंयस. मास्तर, सांगा हिला. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीय."

थोरलीनं मास्तरांकडे पाहिलं. शब्द चुकला होता, हे तिला मास्तरांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. दारातल्या दोघी मागं सरकल्या. एका शब्दानं सगळं मुसळ केरात जाणार असं तिला वाटलं, आणि त्या क्षणी तिला स्वतःचासुद्धा राग आला.

मास्तर उठले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "आपल्या अमूल्यसारखा आहे तो शब्द, बाई. किंमत नाही असं नव्हे, किंमत करताच येत नाही असं. तेवढा चुकला." मग ते मॅनेजरकडे वळले. टेबलाची कड धरून म्हणाले, "बाकीचे सगळे बरोबर आहेत. सगळे. मीच टाइप केलेत."



"शब्दाचा अर्थ तुमचाच बरोबर, साहेब," थोरली म्हणाली. "कंपनीच्या मदतीला मात्र माझाच लागू पडतो."

मागून कोणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या. पण ते हसू चांगलं नव्हतं. इस्त्रीवरची सगळ्यात जुनी बाई, जिला सगळे आक्का म्हणायचे, ती पुढे आली. म्हणाली, "जाळी बसवा आधी. तोवर मी रोलरला हात लावणार नाही." एरवी आक्का कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती बोलली म्हटल्यावर बाकीच्या तिच्या मागं उभ्या राहिल्या.

मॅनेजरनं आधी धमकावलं, मग समजावलं, मग कोणाकोणाला फोन लावले. अकरा वाजता पहिल्या इस्पितळानं चादरी का आल्या नाहीत म्हणून विचारलं, बाराला दुसऱ्यानं. दुपारी अडीचला मिस्त्री येऊन जाळी बसवून गेला. थोरलीनं त्याला दोनदा बोट लावून यंत्र थांबतं का ते दाखवायला लावलं.

नवा कागद यायला नऊ दिवस गेले. तो आपल्या भाषेत लिहून हवा, ही अट आक्कानं घातली. त्यात जाळी काढलेली होती हे आलं, उपचार कंपनी करेल हे आलं, धाकटीची नोकरी राहील हे आलं. 'मॅनेजरच्या सांगण्यावरून काढली' हे शेवटपर्यंत आलं नाही. त्यावर दोन दिवस वाद झाला आणि धाकटीच म्हणाली, "पुरे ताई, मला आता घरी जायचंय." थोरलीनं ऐकलं, पण तिला ते आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही.

धाकटीची उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. ती आता टेबलावर घड्या घालते, डाव्या हातानं ओढून, उजव्यानं दाबून. रोलर सुरू झाल्याचा आवाज आला की तिचे खांदे वर येतात. थोरलीला ते दिवसातून वीसदा दिसतं आणि वीसदा तिचा संताप होतो.

मास्तरांशी ती महिनाभर बोलली नाही. एकदा ते घरी येऊन धाकटीची माफी मागून गेले. धाकटीनं त्यांना चहा दिला. थोरली आतच बसून राहिली. नंतर तिनं धाकटीला विचारलं, "चहा कशाला दिलास?" धाकटी म्हणाली, "आलेल्या माणसाला काय नुसतं पाणी देऊन घालवायचं?"

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, थोरली मास्तरांच्या खोलीत गेली. तिच्याबरोबर आक्का होती, आणखी तिघी होत्या. मास्तर गडबडीनं उठले, बाक पुढं ओढायला लागले.

"राग गेलाय असं समजू नका," थोरली म्हणाली. "तो जायचा नाही. पण तुम्हाला येतंय ते आम्हाला हवंय. आता पोर्टर-बिर्टर नको. तुमच्या साहेबांनी आजवर जेवढे कागद लिहून घेतले, त्यांतले शब्द काढा. सगळे."

"सगळे?"

"पहिल्यापासून."

मास्तरांनी बाक सोडला. मग त्यांनी मागच्या कपाटातली फाईल काढली, पहिलं पान उलटलं, आणि गठ्ठ्यांचा हिशेब लिहायच्या फळ्यापुढं जाऊन खडू हातात घेतला.